अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स: नोंद चोख, हिशोब मात्र आपला आपण ठेवायचा

एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. डिजिलॉकरमधून चालणारी मोफत सरकारी सेवा. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. मिळवलेल्या क्रेडिटची नोंद जपण्याचं काम ती चांगलं करते. पण पदवीला किती क्रेडिट कमी पडतात आणि कुठे, हे ती सांगत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मुलं परीक्षेच्या अर्जात एबीसीचा बारा आकडी क्रमांक मागतात म्हणून खातं काढतात आणि पुढे ते उघडूनही बघत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अडकायचं नसेल तर खातं आणि क्रेडिटचं गणित, दोन्ही पहिल्याच सत्रात समजून घ्यायला हवं.

आधी क्रेडिट. शिकण्यावर खर्च होणाऱ्या वेळेचं हे माप आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला एक तास. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला याच्या दुप्पट, म्हणजे ३० तास लागतात. त्यामुळे वेळापत्रकात प्रयोगशाळेचे दोन तास दिसले तरी ते एकाच क्रेडिटचे असतात. ‘प्रॅक्टिकलला एवढा वेळ जातो, मग क्रेडिट कमी का?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. इंटर्नशिप आणि क्षेत्रीय कामालाही एका क्रेडिटमागे ३० तास धरतात. एप्रिल २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १,२०० तासांचं शिक्षण आणि ४० क्रेडिट असा हिशोब आहे, म्हणजे क्रेडिटला ३० तास. हा आकडा व्याख्यानाच्या १५ तासांशी जुळत नाही असं वाटतं, पण यात वर्गातल्या तासांबरोबर घरचा अभ्यास, स्वाध्याय आणि परीक्षेची तयारीही धरलेली आहे.

तास किती मिनिटांचा, हेही पाहून ठेवा. काही महाविद्यालयांत तासिका ४८ मिनिटांची असते. २ क्रेडिटच्या विषयाला ३० घड्याळी तास, म्हणजे १,८०० मिनिटं लागतात. ४८ मिनिटांच्या तासिका धरल्या तर त्या ३० नव्हे, ३७ ते ३८ भरतात. कोकणात पंधरा आठवडे सलग मिळणंही कठीण. पहिलं सत्र पावसाळ्यात येतं, अतिवृष्टीच्या इशाऱ्यावर जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, पाठोपाठ गणपतीची सुट्टी लागते. दुसऱ्या सत्रात शिमगा असतो. बुडालेले तास जादा तासिका घेऊन भरून काढतात. त्या सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा लागतात, आणि एसटीच्या ठरलेल्या फेरीने येणाऱ्या मुलांची हजेरी नेमकी तिथे बुडते. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसण्यावरच गदा येते आणि परीक्षा नाही तर क्रेडिट नाही. जादा तासिकांचं वेळापत्रक लागलं की गाडीच्या वेळेची अडचण विभागप्रमुखांना त्याच आठवड्यात लेखी कळवावी. सत्र संपल्यावर तोंडी सांगून काही होत नाही.

आता एकूण किती लागतात ते. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट सांगितली आहेत. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात सत्राला किमान २० आणि कमाल २२ क्रेडिट ठरवली. त्यामुळे राज्यात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची होते, चार वर्षांची १६० ते १७६ ची. सत्राला २२ असलेल्या महाविद्यालयातल्या मुलाने १२० चा आकडा बघून समाधान मानू नये. त्याला पूर्ण १३२ लागतात.

आणि नुसती बेरीज पुरत नाही. सत्राची ही २२ क्रेडिट वेगवेगळ्या व्हर्टिकलमध्ये, म्हणजे विषयांच्या ठरलेल्या गटांत, वाटलेली असतात. पहिल्या सत्राची नेहमीची वाटणी अशी दिसते: मुख्य विषयाची, म्हणजे मेजरची ६ (एक ४ चा आणि एक २ चा पेपर), ओपन इलेक्टिव्हची ४, व्होकेशनल स्किलची २, स्किल एनहान्समेंटची २, भाषेची २, मूल्यशिक्षणाची २, भारतीय ज्ञान प्रणालीची २ आणि एनएसएस, खेळ किंवा सांस्कृतिक कामाची २. पुढच्या सत्रांत मायनर, म्हणजे दुय्यम विषय, फील्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग येतं. एका व्हर्टिकलमधलं जादा क्रेडिट दुसऱ्यातली तूट भरत नाही. सर्वाधिक घोळ ओपन इलेक्टिव्हमध्ये होतो. ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. वाणिज्यच्या मुलाने सोयीचं म्हणून वाणिज्यातलंच काही निवडलं, तर क्रेडिट मिळाल्यासारखी दिसतात, पण ती त्या व्हर्टिकलमध्ये धरली जात नाहीत. छोट्या महाविद्यालयात शिक्षक मोजके असल्याने पर्याय दोन-तीनच असतात आणि मुलं मिळेल ते घेतात. निवडीच्या अर्जावर विषयाच्या नावापुढे विद्याशाखा लिहिलेली आहे का, ते बघूनच सही करावी.

एबीसीच्या खात्यात ही व्हर्टिकलनिहाय बेरीज मिळत नाही. संस्था, अभ्यासक्रम आणि जमा क्रेडिट दिसतात. १३२ पैकी कुठली अजून यायची आहेत हे नाही. आमचा एक तारा इथेच कापला आहे. त्यावर उपाय साधा आहे. वहीच्या एका पानावर आडव्या रांगेत सहा सत्रं आणि उभ्या रांगेत सगळे व्हर्टिकल लिहा, आणि निकाल लागला की त्याच दिवशी चौकोन भरा. रिकामा चौकोन लगेच नजरेत येतो.

गुण आणि क्रेडिट यांचीही बऱ्याचदा सरमिसळ होते. मुंबई विद्यापीठाच्या सध्याच्या रचनेत २ क्रेडिटचा पेपर साधारण ५० गुणांचा आणि ४ क्रेडिटचा १०० गुणांचा असतो, पण गुणांच्या प्रमाणात क्रेडिट मिळत नाहीत. उत्तीर्ण झालात तर चारही मिळतात, एका गुणाने गेलात तर एकही नाही. गुण उतरतात ते ग्रेड पॉइंटमध्ये, म्हणजे दहापैकी दिल्या जाणाऱ्या श्रेणीच्या अंकांत. सत्राचा एसजीपीए, म्हणजे ग्रेड पॉइंटची सरासरी, काढताना प्रत्येक विषयाचं क्रेडिट त्याच्या ग्रेड पॉइंटने गुणायचं, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचं. वरच्याच वाटणीचं उदाहरण घेऊ. मेजरच्या ४ क्रेडिटच्या पेपरला ८ पॉइंट म्हणजे ३२, मेजरच्या २ च्या पेपरला ९ म्हणजे १८. दोन ओपन इलेक्टिव्हना ७ आणि ६, म्हणजे १४ आणि १२. व्होकेशनल ९ म्हणजे १८, स्किल ८ म्हणजे १६, भाषा ७ म्हणजे १४, मूल्यशिक्षण ८ म्हणजे १६, ज्ञान प्रणाली ८ म्हणजे १६, खेळ १० म्हणजे २०. बेरीज १७६, भागिले २२, एसजीपीए बरोबर ८. आता याच मुलाचा मेजरचा ४ क्रेडिटचा पेपर राहिला असता तर बेरीज १४४ वर आली असती, भागाकार ६.५५, आणि हाती क्रेडिट १८. त्याऐवजी ७ पॉइंटचं २ क्रेडिटचं ओपन इलेक्टिव्ह राहिलं असतं तर १६२ भागिले २२, म्हणजे ७.३६. अभ्यासाचा वेळ वाटताना हा फरक डोळ्यासमोर ठेवावा. पूर्ण पदवीचा सीजीपीए काढतानाही सत्रांच्या एसजीपीएची नुसती सरासरी न घेता प्रत्येक सत्राच्या क्रेडिटचं वजन धरायचं असतं.

आता प्रत्यक्ष सेवेकडे. आयोगाने जुलै २०२१ मध्ये तिचे विनियम काढले. तुम्ही वेगवेगळ्या मान्य संस्थांत मिळवलेली क्रेडिट एका खात्यात जमा राहतात, कमाल सात वर्षं ग्राह्य धरली जातात आणि पदवी घेताना वापरली जातात. विद्यार्थ्याकडून थेट कुठलाही कागद ही सेवा घेत नाही. गुणपत्रिका स्कॅन करून टाकायची सोयच नाही. क्रेडिट चढवायचं काम फक्त संस्थेचं. हे योग्यच आहे, नाहीतर खोट्या नोंदींना दार उघडलं असतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की संस्थेने नोंद चढवली नाही तर निकाल लागूनही खातं रिकामं दिसतं. असं झालं की डिजिलॉकरच्या मदत केंद्राला लिहून उपयोग होत नाही. आधी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जायचं, तिथे आपला एबीसी क्रमांक बरोबर नोंदला आहे का ते पाहायचं, आणि तो बरोबर असेल तर प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज द्यायचा. अर्जासोबत गुणपत्रिकेची प्रत, आसन क्रमांक आणि एबीसी क्रमांक असलेल्या पानाची प्रत जोडावी.

खातं उघडायला सगळं जुळून आलं तर पाच-दहा मिनिटं लागतात. डिजिलॉकरमध्ये आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने शिरायचं. शोधपट्टीत रोमन अक्षरांत ‘एबीसी’ किंवा ‘अपार’ (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) टाकायचं. हल्ली दोन्ही नावं एकत्रच दिसतात. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवरून आपोआप येतं. प्रवेशाचं वर्ष, ओळखीचा प्रकार, म्हणजे हजेरी, नोंदणी की नावनोंदणी क्रमांक, तो क्रमांक आणि संस्थेचं नाव एवढं आपण भरायचं. बारा आकडी क्रमांक तयार झाला की ते कार्ड उतरवून ठेवावं आणि एक प्रत छापून महाविद्यालयात द्यावी.

संस्थेच्या नावाशी बरेच जण अडखळतात. गुहागर, लांजा किंवा देवगडच्या महाविद्यालयाचं नाव यादीत शोधत बसतात. संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला पदवी विद्यापीठ देतं, म्हणून तिथे मुंबई विद्यापीठ निवडायचं. महाविद्यालय स्वायत्त असेल तर कार्यालयात विचारून मगच निवडावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्यांनी आपापल्या विद्यापीठाचं नाव घ्यायचं.

कोकणातली खरी अडचण ओटीपीची आहे. आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता आणि तो वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. आता ते नोकरीला मुंबईत, मुलगी राजापुरात. ओटीपी मुंबईतल्या फोनवर जातो, ते ड्युटीवर असतात आणि काही मिनिटांत तो बाद होतो. फोनवरून ओटीपी मागवून खातं उघडता येतं, पण पुढच्या प्रत्येक वेळी तीच कसरत करावी लागते. त्यापेक्षा पोस्टात किंवा आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घेणं बरं. प्रवेश मिळाला की लगेच ते करावं, कारण परीक्षेच्या अर्जाच्या दिवसांत तालुक्याच्या केंद्रावर गर्दी असते आणि नवा नंबर नोंदीत यायला काही दिवस जातात. काही गावांत नेटवर्क फक्त सड्यावर किंवा रस्त्याच्या एका वळणावर मिळतं. अशा ठिकाणच्या मुलांनी हे काम महाविद्यालयाच्या संगणक कक्षात करावं.

दुसरी अडचण नावाची. आधारवर आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. गुणपत्रिकेवर आडनाव पुढे आणि शेवटी आईचंही नाव. क्रम वेगळा असल्याने सहसा अडत नाही, पण स्पेलिंगमधला फरक अडतो. आडनावाच्या शेवटी एक अक्षर जास्त-कमी झालं तरी संस्थेने चढवलेली नोंद जुळत नाही. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीतही हेच होतं. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण धरून आधार त्याच्याशी जुळवून घेणं सोपं पडतं; उलट दिशेने, म्हणजे गुणपत्रिका बदलायला गेलं तर मंडळ आणि विद्यापीठ अशा दोन दारी जावं लागतं. लग्नानंतरचं नाव आधारवर कायम ठेवायचं असेल तर राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत महाविद्यालयात आधीच देऊन ठेवावी. जुना नंबर बंद पडल्यावर दुसऱ्या नंबरने दुसरं खातं काढण्याचा मोहही आवरावा. एका विद्यार्थ्याचे दोन क्रमांक झाले तर क्रेडिट एकात आणि परीक्षेचा अर्ज दुसऱ्यावर, असा गुंता होतो. उरलेला अर्धा तारा या सगळ्यासाठी कमी केला: नाव जुळलं नाही तर नेमकं काय जुळलं नाही, हे विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत कळायला हवं होतं.

गावात राहून बाहेरची क्रेडिट मिळवायची असतील तर या सेवेचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. स्वयम् या केंद्राच्या व्यासपीठावरचे अभ्यासक्रम त्यासाठी चालतात, आणि आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत तिथून घेता येतात. त्यातल्या एनपीटीईएलमध्ये, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत, ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारण १, ८ आठवड्यांच्या २ आणि १२ आठवड्यांच्या ३ क्रेडिट धरतात. तिथे स्वाध्यायाला २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० मिळवावे लागतात. बारा आठवड्यांत सर्वोत्तम ८ स्वाध्याय मोजतात, म्हणून पावसात एखादा आठवडा इंटरनेट गेलं तरी घाबरायचं कारण नाही. मात्र नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांची लेखी मान्यता हवी. कुठल्या व्हर्टिकलमध्ये आणि कुठल्या पेपरच्या जागी हा अभ्यासक्रम धरणार, हे त्या कागदावर असलं पाहिजे. आधी परीक्षा देऊन मग मान्यता मागणाऱ्यांचं प्रमाणपत्र खरं असतं, पण क्रेडिट कुठे बसवायचं हा प्रश्न सुटत नाही. परीक्षा केंद्राचं शहर निवडायलाही उशीर करू नये. सिंधुदुर्गातून दूरच्या केंद्रावर जायचं तर आदल्या दिवशीच निघावं लागतं.

ऑन जॉब ट्रेनिंगची ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, दिवसाला सहा तास धरले तर वीस दिवस. किनाऱ्यावर यासाठी जागांची कमी नाही: वेंगुर्ल्याकडचे काजू कारखाने, आंबा कॅनिंग, मालवणची पर्यटन केंद्रं, पतसंस्था, ग्रामपंचायती. अट एवढीच की काम मेजरशी जुळलं पाहिजे. अर्थशास्त्राच्या मुलाने कॅनिंग युनिटमध्ये खरेदी-विक्री आणि साठ्याचा हिशोब बघितला तर चालतं, नुसत्या फोडी भरल्या तर अहवालात लिहायला काही उरत नाही. हंगाम आणि सत्र यांचा मेळ आधी घालावा, कारण कॅनिंगची धामधूम एप्रिल-मेमध्ये असते आणि सहाव्या सत्राची परीक्षाही त्याच सुमारास येते. रोजची वेळ लिहिलेली हजेरी, कामाची डायरी आणि मालकाची किंवा व्यवस्थापकाची सही-शिक्का हे तीन कागद नसतील तर १२० तास केलेले असूनही सिद्ध करता येत नाहीत.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात क्रेडिट लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. विषयापुढे ३ (२+१) असं दिसतं: एकूण ३, त्यातली २ व्याख्यानाची आणि १ प्रात्यक्षिकाचं, म्हणजे आठवड्याला दोन तास वर्ग आणि साधारण दोन तास शेत किंवा प्रयोगशाळा. ही नोंद वाचायला सोपी आहे आणि कला-वाणिज्यच्या गुणपत्रिकांनीही ती उचलावी असं आम्हाला वाटतं. परदेशी जाणाऱ्यांनी मात्र आपले आकडे जसेच्या तसे तिकडे लावू नयेत. अमेरिकेत एक क्रेडिट अवर म्हणजे पंधरा-एक आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिट, प्रत्येकी २५ ते ३० तासांची. तिथे एबीसीचं पान चालत नाही, विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्टच, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, लागतो.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की प्रमाणपत्र मिळतं. आयोगाच्या चौकटीत तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. पण प्रमाणपत्र किंवा पदविका घेतली की त्यासाठी वापरलेली क्रेडिट खात्यातून वजा होतात. घरच्या अडचणीमुळे वर्षभर थांबायचं असेल आणि परत यायचं नक्की असेल, तर घाईने प्रमाणपत्र घेऊ नये. खात्यातली क्रेडिट तशीच राहू द्यावीत आणि परतण्याच्या अटी कार्यालयातून लेखी घ्याव्यात.

सावंतवाडीहून कोल्हापूरला किंवा रत्नागिरीहून पुण्याला बदली घेणाऱ्यांनाही हे खाते कामाचं आहे, कारण मिळवलेल्या क्रेडिटवर शंका घेतली जात नाही. ती कुठल्या पेपरच्या जागी धरायची, ते मात्र नवं विद्यापीठ ठरवतं, आणि पदवीची किमान निम्मी क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतलीच असावी लागतात. त्यासाठी निघण्यापूर्वी प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, त्यातले तास आणि क्रेडिट दिसतील अशी प्रत महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी घ्यावी. ‘समान अभ्यासक्रम’ ठरवणारी समिती विषयाच्या नावापेक्षा घटक आणि तास बघते.